दुधाचे वावडे

श्रोतेहो, वर्धा नदीच्या पुलावरून बल्लारपूर ओलांडून अलीकडे आले की राजुरा लागते. या गावच्या बाजारात उभे राहिले म्हणजे चार भाषा कानावर पडतात. मराठी माणूस दूध म्हणतो, उर्दू बोलणाराही दूधच म्हणतो, तेलगू बाई पालु म्हणते आणि डोंगरातून उतरलेला गोंड पाल म्हणतो. शब्द वेगळे असले तरी भाव एकच. आईच्या मागोमाग मुलाला वाढवणारी वस्तू ती ही. दूध म्हणजे पूर्णान्न, दूध म्हणजे अमृत, असे आपण शाळेत शिकतो आणि शाळेत शिकवतो.

आणि तरीही याच भागातल्या एखाद्या घरात असे घडते. चार-पाच महिन्यांचे लेकरू आईच्या दुधावर छान धरलेले असते. आईला कापसाच्या वेचणीला जावे लागते, म्हणून आजी त्याला गाईचे दूध सुरू करते. आठ-पंधरा दिवसांत मूल दूध टाकू लागते. शी पातळ होते, तीत आव दिसते, कधी रक्ताची रेघ दिसते. गालावर, कोपराच्या खोबणीत खरखरीत पुरळ येते. शेजारीण म्हणते, "दात येत असतील." दुसरी म्हणते, "नजर लागली." तिसरी म्हणते, "गाईचं जड पडते, बकरीचं देऊन पाहा." बकरीचे देऊन होते, म्हशीचे पाणी घालून देऊन होते, शेवटी डब्याचे येते. मूल मात्र सुकत जाते. घरातली म्हातारी एवढेच म्हणते, "या लेकराले दूध मानवत नाही." तिचे कोणी ऐकत नाही. दूध मानवत नाही, हे कसे शक्य आहे?

ते शक्य आहे. म्हातारीचे ते एक वाक्य खरे आहे हे शास्त्राला पटायला फार काळ लागला. आज त्याच गोष्टीचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. पण तान्ह्या मुलाच्या वाटीतल्या दुधालाही इतिहास असतो, आणि तो समजून घेतला तर एखादे मूल वाचते.

प्रथम आपल्या भागापासून सुरुवात करू. राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा तालुका नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जोडला गेला. त्यामुळे येथील जुन्या लोकजीवनाची नोंद दोन ठिकाणी विखुरलेली आहे. काही हैदराबादकडच्या पुस्तकांत, काही मध्यप्रांत आणि बस्तरकडच्या पुस्तकांत. बस्तरचा कारभार पाहिलेले विल्फ्रिड ग्रिगसन यांचे माडिया गोंडांवरचे पुस्तक १९३८ साली निघाले. व्हेरियर एल्विन यांचे मुरियांवरचे पुस्तक १९४७ सालचे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मूळचे व्हिएन्नाचे गृहस्थ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहिले आणि १९४८ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही त्याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम करताना गोंडी भाषेचा अभ्यास केला व तिचे व्याकरण लिहिले.

मध्य हिंदुस्थानातील आणि त्याच्या पूर्वेकडील अरण्यांत राहणाऱ्या लोकांविषयीच्या अशा जुन्या लिखाणात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. पुष्कळ जमाती गाई-बैल बाळगीत, पण गाईचे दूध काढीत नसत. डाल्टन नावाच्या अधिकाऱ्याने १८७२ साली छोटा नागपूरकडच्या काही जमातींविषयी असेच लिहून ठेवले. बस्तर आणि गडचिरोलीच्या सीमेवरील माडियांविषयीही हेच सांगितले जाते. गाय वासरासाठी दूध देते, ते वासराचे आहे, माणसाने ते का घ्यावे, असा त्यामागचा विचार. नगरातल्या माणसाला याचे नवल वाटते. पण जरा शांतपणे पाहिले तर त्यात एक साधे सत्य आहे. प्रत्येक जनावराचे दूध त्याच्याच पिलासाठी बेतलेले असते.

फ्रेडरिक सिमून्स या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने अशा सगळ्या नोंदी गोळा केल्या आणि १९७० साली दक्षिण आशियात दूध काढण्याची परंपरा कुठपर्यंत होती याची सीमारेषा मांडली. पंजाब, राजस्थान, गुजरातकडे दुधाची चाल जुनी आणि दाट. पूर्वेकडे, डोंगर-अरण्यांकडे ती विरळ होत जाते. आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा टापू जवळजवळ त्या काठावर येतो. एका बाजूला दुभती जनावरे पाळणारे गवळी, गोवारी आणि शेतकरी. दुसऱ्या बाजूला दूध न काढणारे अरण्यातले लोक.

आता श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, मग झाले. या लोकांना दुधाची सवय नाही, म्हणून त्यांच्या लेकरांना दूध सोसत नाही. थांबा. इथेच बहुतेकांची गल्लत होते. ती सोडवल्याशिवाय पुढचा इतिहास कळायचा नाही.

दूध बाधण्याचे दोन प्रकार आहेत. एकाला आपण 'न पचणे' म्हणू आणि दुसऱ्याला 'वावडे'.

दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचकरस लागतो. मोठेपणी पुष्कळ माणसांत हा रस कमी होतो. मग पेलाभर दूध प्याले की पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. १९६३ साली युरोपातील संशोधकांनी मोठ्या माणसांतला हा दोष दाखवला आणि १९६६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे असे दिसले की काही वंशांत तो फार सरसकट आढळतो. पुढे कळले की जगातल्या बहुसंख्य माणसांत हेच होते. तेव्हा याला रोग म्हणणेच चूक. मोठेपणीही दूध पचणे हीच खरी विशेष गोष्ट. २००२ साली फिनलंडच्या संशोधकांना त्यामागचा आनुवंशिक बदल सापडला. भारतात हा बदल वायव्येकडे अधिक आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी कमी होत जाताना दिसतो. म्हणजे सिमून्सच्या दुधाच्या नकाशाशी त्याचा सांधा बराचसा जुळतो.

पण हे सगळे मोठ्या माणसांचे झाले. तान्ह्या मुलाला ही साखर पचते. पचलीच पाहिजे, कारण आईच्या दुधात तर ती गाईच्या दुधापेक्षाही जास्त असते. आईच्या दुधात शेकडा ७ च्या आसपास, गाईच्या दुधात ५ पेक्षा थोडी कमी. माडियाचे मूल असो की मारवाड्याचे, आईच्या दुधातली साखर दोघेही सारखीच पचवतात. जन्मतःच ती न पचणे ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे. हां, जोराचे जुलाब होऊन गेल्यावर आतड्याचे अस्तर सोलवटते आणि काही दिवस ही साखर पचत नाही. पण ते तात्पुरते असते.

वावडे ही गोष्ट निराळी. तिथे दोष साखरेचा नसून दुधातल्या प्रथिनाचा असतो, आणि भांडण पोटाचे नसून शरीराच्या रखवालदाराचे असते. शरीरात शत्रू ओळखणारी एक यंत्रणा आहे. जंतू आला की ती त्याच्यावर तुटून पडते. काही तान्ह्यांच्या शरीरात ही यंत्रणा गाईच्या दुधातल्या प्रथिनालाच शत्रू समजते. घरचा कुत्रा चोर सोडून पाहुण्याला चावावा तसे. म्हणून दह्या-ताकाचा उपाय इथे लागू पडत नाही. विरजणाने साखर काहीशी कमी होते, प्रथिन तसेच राहते. ज्याला दूध पचत नाही त्याला ताक चालेल. ज्याला वावडे आहे त्याला ताकाचा चमचाही बाधेल.

आता या दुसऱ्या गोष्टीचा शोध कसा लागला ते पाहू.

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावे असलेल्या एका ग्रंथात अशा अर्थाचे लिहिले आहे की चीज सर्वांना सारखे बाधत नाही. काहींना पोटभर खाऊनही काही होत नाही, काहींना थोड्यानेही त्रास होतो, तेव्हा दोष पदार्थात शोधण्याआधी माणसाची प्रकृती पाहावी. आपल्या आयुर्वेदात हाच विचार सात्म्य या शब्दात आहे. जे ज्याला मानवते ते त्याचे सात्म्य. चरकाने आठ प्रकारची दुधे मोजली. त्यांत गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याबरोबर उंटीण, घोडी, हत्तीण आणि स्त्री हीही आली. प्रत्येकाचे गुण वेगळे सांगितले. बालकांच्या वैद्यकाला आपल्याकडे कौमारभृत्य म्हणत. त्याचा मोठा ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून पंडित हेमराज शर्मा यांनी तो १९३८ साली छापून काढला. त्यात दूध पाजणाऱ्या दाईची निवड कशी करावी आणि दुधाचे दोष कसे ओळखावेत याची चर्चा आहे. आईचे दूध नसेल तर शेळीचे किंवा गाईचे द्यावे, असा जुन्या वैद्यांचा सल्ला. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता.

पण दुधाच्या वावड्याचा खरा प्रश्न उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात. गिरण्या उभ्या राहिल्या, बाया कामाला गेल्या, हजारो तान्ही मुले बाटलीवर आली. आणि मुले माश्यांसारखी मेली. रसायनतज्ज्ञ लीबिग यांनी १८६५ साली बाळांसाठी कृत्रिम अन्नाची कृती काढली. दोनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये नेस्ले यांनी आपले पीठ बाजारात आणले. १८६९ साली बीडर्ट नावाच्या तरुण जर्मन डॉक्टराने आईच्या आणि गाईच्या दुधाची तुलना करून सांगितले की दोन्हींतले प्रथिन एकसारखे नाही, आणि त्रासाचे मूळ तिथे आहे. त्याची दिशा बरोबर होती. परंतु तेवढ्यात जंतूंचा शोध लागला. १८८६ साली सॉक्सलेट यांनी बाटलीतले दूध उकळून निर्जंतुक करण्याचे साधन काढले. दूध उकळल्यावर पुष्कळ मुले वाचली. साहजिकच सगळ्यांनी मानले की दोष जंतूंचाच होता.

तो बव्हंशी होताच. आजही आपल्या खेड्यात दूध बाधले तर दहापैकी नऊ वेळा पाहावे लागते ते बाटलीचे बूच, न धुतलेला हात आणि दुधात घातलेले पाणी. पण उरलेल्या थोड्या मुलांचे काय? दूध ताजे, उकळलेले, भांडे स्वच्छ, आणि तरी मूल तडफडते. त्यांच्याकडे पाहायला विसावे शतक उजाडावे लागले.

१९०१ सालची गोष्ट. मोनाकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. परत आल्यावर त्यांनी कुत्र्यांना त्या विषाची अगदी थोडी मात्रा दिली. हेतू असा की कुत्री त्याला सरावतील. घडले उलटेच. काही आठवड्यांनी तेवढीच थोडी मात्रा पुन्हा दिली तेव्हा कुत्रा काही मिनिटांत कोसळला. पहिल्या वेळेने संरक्षण मिळण्याऐवजी शरीर उलटे चवताळले होते. १९०२ साली त्यांनी हे जाहीर केले आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच सुमारास व्हिएन्नाला क्लेमेन्स फॉन पिर्के हे बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या एका कोड्यात गुंतले होते. घटसर्पाच्या रोग्याला तेव्हा घोड्याच्या रक्तातून काढलेली लस देत. घटसर्प बरा होई, पण काही मुलांच्या अंगावर गांधी उठत, ताप येई, सांधे सुजत. दुसऱ्यांदा लस दिली तर हे फार लवकर होई. पिर्के आणि त्यांचे सहकारी शिक यांनी ताडले की शरीराने घोड्याचे प्रथिन ओळखून ठेवले आहे. या बदललेल्या वागण्याला पिर्के यांनी १९०६ साली दोन ग्रीक शब्द जोडून नाव दिले : अॅलर्जी. दुसऱ्याच रीतीने वागणे, असा त्याचा अर्थ. घोड्याचे प्रथिन सुईने गेले तर असे होते. मग गाईचे प्रथिन तोंडाने गेले तर का होऊ नये?

तसे होत असल्याचे पुरावे तेव्हाच पुढे येत होते. १९०५ च्या सुमारास बर्लिनच्या फिंकेलस्टाइन यांनी गाईच्या दुधाने दगावलेल्या तान्ह्याची हकीगत लिहिली. १९०८ साली फ्रान्समध्ये ह्युतिनेल यांनी दुधाच्या या उलट्या परिणामाकडे लक्ष वेधले. १९१२ साली न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी अंडे, बदाम आणि ओट सोसत नसलेल्या एका मुलाच्या त्वचेवर ओरखडा काढून त्यावर ते पदार्थ लावून पाहिले. जिथे वावडे होते तिथे गांधी उठली. म्हातारीच्या 'मानवत नाही'ला आता डोळ्यांनी दिसणारी साक्ष मिळाली.

गाईच्या दुधातली ही प्रथिने कोणती? दर शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ३ ग्रॅमहून थोडे अधिक प्रथिन असते, आईच्या दुधात जेमतेम १ ग्रॅम. गाईच्या प्रथिनापैकी पाचात चार हिस्से केसीन, म्हणजे जे फाटून पनीर होते ते. उरलेला हिस्सा निवळीतला. त्या निवळीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे एक प्रथिन असते, ते आईच्या दुधात मुळीच नसते. केसीन उकळल्याने बदलत नाही. म्हणून दूध कितीही आटवले तरी वावडे जात नाही. आणि शेळी, म्हैस, मेंढी यांच्या दुधातली प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की ज्याला गाईचे चालत नाही त्याला बहुधा त्यांचेही चालत नाही. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाऊन उपयोग होत नाही, तो यामुळे.

मग अशा मुलांना द्यायचे काय? १९०९ साली बाल्टिमोरच्या जॉन रुराह यांनी सोयाबीनच्या पिठाची पेज बाळांना देऊन पाहिली. १९२९ साली हिल आणि स्टुअर्ट यांनी दुधाचे वावडे असलेल्या मुलांसाठी सोयाबीनचे अन्न बनवले. १९४२ साली अमेरिकेत असा डबा निघाला, की ज्यातले दुधाचे प्रथिन आधीच तोडून त्याचे बारीक तुकडे केलेले होते. शत्रूची ओळख पटू नये म्हणून त्याचा गणवेषच फाडून टाकावा, तशी ती युक्ती. आजची औषधी दुधे त्याच वाटेने आलेली आहेत.

निदानाची रीत मात्र अजून ढिली होती. ज्याला त्याला दुधाचे वावडे ठरवण्याची फॅशनही आली होती. १९६३ साली टेक्सासच्या गोल्डमन यांनी शिस्त घालून दिली. दूध बंद करा. त्रास थांबला पाहिजे. पुन्हा द्या, त्रास परतला पाहिजे. हे एकदा नव्हे, तीनदा घडले तर वावडे माना. पुढे तीन वेळांचा आग्रह सुटला, कारण तो मुलांना जाचक होता. पण तत्त्व टिकले : बंद करून पाहणे आणि पुन्हा देऊन पाहणे. शाळामास्तरांना हे आवडेल. गुणाकार केला की भागाकार करून पडताळा पाहतात, तसाच हा पडताळा. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिक यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रक्तातला तो पदार्थ शोधला, जो झटपट येणाऱ्या वावड्याला कारण असतो. त्याला आयजीई म्हणतात. पण हळूहळू येणाऱ्या वावड्यात हा पदार्थ सापडत नाही. म्हणून नुसत्या रक्ततपासणीवर निवाडा करता येत नाही.

आपल्या देशात काय घडले? फार दिवस असे मानले गेले की हा श्रीमंत देशांचा आजार. आपल्याकडे आहेत ते जंतूंचे जुलाब. जुलाबाने मरणारी मुले इतकी होती की त्या गर्दीत हे मूल दिसतच नव्हते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो जीव वाचवले आणि जुलाबाचे मरण उतरू लागले. गर्दी ओसरली तशी मागे उभी असलेली मुले दिसू लागली. लखनौच्या संजय गांधी संस्थेतील डॉक्टरांनी २०१० साली आपल्याकडील अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून सांगितले की हा आजार विकसनशील देशातही आहे आणि तो ओळखला पाहिजे. २०२० साली भारतीय बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या निदानाचे आणि उपचाराचे नियम छापले. परदेशातील अभ्यासांत शंभर बाळांमागे दोन-तीन असे प्रमाण पूर्वी सांगत. काटेकोर परीक्षा केल्यावर ते कित्येक ठिकाणी एकाहूनही कमी भरले. म्हणजे गोष्ट खरी आहे, पण सरसकट नाही. हे दोन्ही लक्षात ठेवायचे.

कारण दुसऱ्या बाजूला दुसरा धोका उभा आहे. बाळ रडले, दोनदा पातळ शी झाली, की "तुझे दूध याला चालत नाही" असे आईला सांगणारे भेटतात आणि हातात डबा येतो. डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी १९३९ साली सिंगापूरला भाषण केले, त्याचे नावच होते 'दूध आणि खून'. गरीब आईच्या अंगावरचे दूध तोडून तिला डबा विकणे म्हणजे काय, हे त्यांनी त्या दोन शब्दांत सांगितले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने डब्याच्या जाहिरातींविरुद्ध नियमावली केली. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. डब्यातल्या दुधाची, बाटलीची जाहिरात करणे या देशात गुन्हा आहे.

आईच्या दुधाचे वावडे नसते, श्रोतेहो. हे वाक्य मी सावकाश पुन्हा म्हणतो. आईच्या दुधाचे वावडे नसते. फार तर आईने खाल्लेल्या दूध-दह्यातला एखादा कण तिच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचतो आणि तो बाधतो. तेव्हा बंद करायचे ते आईचे दूध-दही, दुधाचा चहा, खवा, पनीर. अंगावर पाजणे नव्हे. तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, दोन ते चार आठवडे, आणि मग पडताळा पाहून. त्या काळात आईला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडू नये म्हणून गोळ्या आणि नाचणी, तीळ, हिरवी भाजी, सुकट.

आपल्या गडचिरोलीतच याचा एक धडा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या. बाळ उबेत ठेवणे, लगेच अंगावर घेणे, आजार वेळेत ओळखणे, एवढ्या साध्या गोष्टींनी बाळांची मरणे निम्म्याहून कमी झाली. १९९९ साली हे जगाने वाचले आणि पुढे देशभर आशाताई घरोघरी जाऊ लागल्या.

जुनी चाल अशी होती की पहिले तीन दिवस आईचा चीक टाकून द्यायचा आणि बाळाला गूळपाणी, मध किंवा वरचे दूध चाटवायचे. २०१९ साली जपानमधून एक अभ्यास आला. ज्यांच्या घरी अॅलर्जीचा इतिहास आहे अशा ३१२ बाळांचा. ज्यांना पहिले तीन दिवस गाईच्या दुधाचा डबा दिला नाही, त्यांच्यात पुढे दुधाविरुद्धची संवेदना निम्म्याच्या आसपास आढळली. म्हणजे ज्या तीन दिवसांत आपण आईचे टाकून वरचे देत होतो, नेमके तेच दिवस जपण्याचे. चीक फेकू नका, हे आता दोन कारणांनी सांगता येते.

आता शिक्षक आणि आशाताई यांच्यासाठी चार गोष्टी सांगून संपवतो. दूध दिल्यापासून मिनिटांत किंवा दोन तासांच्या आत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला, मूल निपचित पडले, तर घरगुती उपाय करत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. अशा वेळी अॅड्रेनॅलिनची सुई जीव वाचवते. आठवडेच्या आठवडे आव-रक्त, उलट्या, पुरळ आणि वजन न वाढणे, हे हळू येणारे वावडे असू शकते. अंगणवाडीतले वजनाचे कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि गाईचे दूध केव्हा सुरू केले तो दिवस सांगावा. तो दिवस हाच अर्धा पुरावा. मूल जुलाबाने सुकत असेल तर मीठ-साखरेचे पाणी आधी. आणि वर्षाच्या आत कोणत्याही मुलाला गाईचे दूध हे मुख्य अन्न करू नये. त्यात लोह फारच थोडे असते आणि ते कोवळ्या आतड्याला जाचते. सहा महिन्यांपर्यंत फक्त आई. त्यानंतर आईबरोबर मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, ज्वारी-तांदळाची पेज, जिला तेलगू बाया जावा म्हणतात ती, अंडे, भाजी. वावडे असलेल्या ज्या मुलाला आईचे दूध मुळीच मिळत नाही त्याला मात्र औषधी दूधच लागते. ते महाग आहे, म्हणून निदान पक्के हवे.

एक धीराची गोष्ट. हे वावडे बहुतेकांचे जन्माचे नसते. पुष्कळ मुले पहिल्या-दुसऱ्या वर्षात आणि बहुतेक तीन ते पाच वर्षांपर्यंत दुधाशी समेट करतात. मात्र पुन्हा देऊन पाहायचे ते डॉक्टरांच्या देखत.

दूध वासराचे आहे असे म्हणून ते न काढणाऱ्या माणसाला आपण अडाणी म्हणत आलो. लेकराला दूध मानवत नाही असे म्हणणाऱ्या आजीला आपण गप्प बसवत आलो. दूध वाईट आहे असा याचा अर्थ नाही. राजुऱ्याच्या ज्या शेतकऱ्याच्या दारी गाय आहे त्याने ती आनंदाने दोहावी. पण ज्या घरात तान्हे मूल आहे तिथे आधी त्या मुलाकडे पाहावे, मग पेल्याकडे. आणि म्हातारी काही सांगत असेल तर ते ऐकून घ्यावे. डॉक्टरांना निदानाची सुरुवात करायला बहुधा तिचेच वाक्य लागते.